डबीवाली बाय

थर्मोकोलचा पांढरा डबा घेऊन वेसाव्याच्या कोळीवाड्यातून बाहेर पडलं की रिक्षावाला हमखास विचारायचा, "मच्छी है क्या मॅडम? पानी तो नहीं गिरेगा ना?" मी सांगायचे, पानी नहीं गिरेगा. मच्छी आहे का, या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्या वर्षांत, एक दिवस सोडला तर, कधीच दिलं नाही. डब्यात बर्फ असायचा आणि बर्फात छोट्या प्लास्टिकच्या डब्या. एकेका डबीत एकेका माणसाचा मैला, वाटाण्याएवढा. हे खरं सांगितलं असतं तर अंधेरीच्या प्रयोगशाळेपर्यंत मला चालतच जावं लागलं असतं.

आपल्या आतड्यात जिवाणूंची अख्खी वस्ती नांदत असते. मोजता येणार नाहीत इतके जिवाणू, शेकडो जातींचे. काही उपकारी, काही उपद्रवी, बरेचसे नुसते राहायला आलेले. मधुमेह झालेल्या माणसाच्या पोटातली ही वस्ती निरोगी माणसापेक्षा वेगळी दिसते, असं बऱ्याच ठिकाणी आढळलं आहे. का वेगळी दिसते आणि त्यातून काय समजायचं, हा माझा विषय. मी तो आईला पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तू आता लोकांचो गू तपासतलंस? हेच्यासाठी येवढी शिकलंस?" वडील गिरणीत होते, मुलगी डॉक्टर होणार म्हणून ती मालवणपर्यंत सांगून बसली होती. तिला मी दोष देत नाही.

मी पीएचडीला नाव घातलं ते अडतिसाव्या वर्षी. त्याआधी पंधरा वर्षं बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजीत रक्त-लघवीचे रिपोर्ट काढले. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती, आणि मी कंटाळून गेले होते. आकडा आला की छापायचा, पुढचा घ्यायचा. हा आकडा असा का, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी एके दिवशी नवऱ्याला म्हटलं, मला हे विचारायचं आहे. तो म्हणाला, "विचार ना मग, कोण अडवतंय?" त्याच्या या वाक्यावर मी नोकरी सोडली, आणि घराने चार वर्षं ते निभावून नेलं. म्हणून तो प्रबंध माझ्या एकटीचा नव्हता. तो बुडाला असता तर घरातल्या प्रत्येकाची चार वर्षं बुडाली असती, आणि चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर कोण उभं करतं?

विषय बाहेरून दिसतो तेवढा सरळ नाही, हे पहिल्या सहा महिन्यांतच कळलं. पोटातली वस्ती माणसागणिक वेगळी, आणि एकाच माणसाची सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं, घसा दुखला म्हणून केमिस्टकडून कुठली गोळी घेतली, सगळ्याने ती बदलते. बरं, मधुमेहाने वस्ती बदलली की बदललेल्या वस्तीने मधुमेह आणला, हे ओळखायचं कसं? त्यात शुगरची रोजची गोळी स्वतःच तिथे उलथापालथ करते. म्हणजे रोगाची खूण म्हणून आनंदाने पकडावी, तर ती औषधाची निघायची. आणि डबी वेळेवर बर्फात गेली नाही तर आतले काही जीव वाढतात, काही मरतात, आणि आपण हाती आलेल्या भलत्याच गोष्टीवर पानंच्या पानं लिहीत बसतो.

माझा प्रश्न कुटुंबाचा होता. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांची पोटंही आतून एकसारखी होतात का? होत असतील, तर मधुमेह घरंच्या घरं का पकडतो याचा काही धागा तिथे मिळेल का? त्यासाठी मी अकरा घरं कोळीवाड्यातली घेतली आणि अकरा बोरिवलीच्या आमच्या आसपासच्या इमारतींतली.

इमारतींत लोक फॉर्मवर झटकन सही करायचे आणि डबी परत द्यायला महिना लावायचे. लिफ्टमध्ये मी दिसले की मोबाइल काढायचे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर डबी पेढ्याच्या खोक्यात घालून, वर रिबीन बांधून पाठवली. अकरावं घर काही केल्या मिळेना, तेव्हा मॅडमच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंच्या, परवानगीने मी माझंच घर घातलं. नवरा, सासू आणि मी.

कोळीवाड्यात उलट. तिथे लाज नव्हती, हसू होतं. मी गल्लीत शिरले की कुणीतरी ओरडायचं, "डबीवाली बाय आयली गो!" आणि अख्खी गल्ली खिदळायची. पण डब्या मात्र रिकाम्याच परत यायच्या. तिथे माझी गाठ मावशीशी पडली. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, शुगरची जुनी दुखणेकरी आणि तरी चहात दोन चमचे साखर घालणारी. मासळीबाजारात तिची पिढीजात जागा होती. घरात पाच माणसं: ती, तिचा नवरा, बोटीवर जाणारा मुलगा, अंधेरीत एका ऑफिसात कामाला असलेली सून आणि कॉलेजातली मुलगी. गल्लीत मावशीचा शब्द चालायचा. ती तयार झाली तर बाकीच्या दहा घरांना तयार करणं सोपं, एवढं शहाणपण मला होतं.

चार वेळा मी तिच्या दारात गेले आणि चारही वेळा रिकाम्या डब्या घेऊन परतले. मुलगा बोटीवर, सून ऑफिसात, मुलीची परीक्षा. चौथ्या वेळी माझा बांध फुटला. मी तिच्या ओट्यावर बसून म्हटलं, "मावशी, असं झालं तर माझी सगळी वर्षं पाण्यात जातील हो." डोळ्यांत पाणीही आलं असावं. मी तशी रडकी नाही, पण त्या दिवशी उन्हातून आले होते. मावशीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "उद्या सकाली ये."

दुसऱ्या दिवशी पाच डब्या भरलेल्या. बाहेरून धुतलेल्या, पुसलेल्या, पिशवीत बांधून तिच्या स्वतःच्या बर्फात ठेवलेल्या. बर्फ कसा ठेवायचा हे मी तिला शिकवायची गरजच नव्हती. आठवडाभरात गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही डब्या दिल्या. मी इतकी खूश झाले की प्रयोगशाळेत सगळ्यांना समोसे खिलवले.

नमुन्यांची तपासणी होऊन यायला काही महिने लागले. शेवटी जे येतं ते चित्र असतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ज्यांची पोटं आतून सारखी त्यांचे ठिपके जवळ, ज्यांची वेगळी त्यांचे लांब. मी चित्र उघडलं आणि बघतच राहिले. मावशीच्या घराचे पाच ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. गल्लीतल्या आणखीही काही घरांचं तसंच. इमारतींतल्या माणसांचे ठिपके मात्र सांडलेल्या मोहरीसारखे कुठेही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, मावशीच्या घरात मधुमेह फक्त तिला, पण खुणा पाचही जणांत होत्या. सव्वीस वर्षांच्या निरोगी सुनेतसुद्धा. म्हणजे रोग व्हायच्या आधीच त्याची चाहूल पोटात लागते, ती एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांना लागते, असं ते चित्र सांगत होतं.

मॅडम पार्ल्याच्या. शब्द मोजून वापरणाऱ्या, "बरं आहे" म्हणाल्या तरी आम्ही आठवडाभर आनंदात असायचो. त्या चित्राकडे बघून त्या म्हणाल्या, "फार सुंदर आहे." त्याच आठवड्यात एका परिषदेसाठी आम्ही निबंधाचा गोषवारा पाठवला. मी घरी येऊन आईला फोन केला आणि सांगितलं की आता होतंय बघ डॉक्टर.

मावशीला सांगितल्याशिवाय मला राहवेना. शुक्रवारी मी थेट बाजारात गेले. ती बोंबलाचे वाटे लावत होती. टोपलीतली रास पुढ्यात ओतायची आणि नजरेच्या मापाने सारखे सारखे ढीग करायचे, त्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी शेजारी उकिडवी बसले.

"मावशी, गंमत सांगायची आहे. तुमच्या घरातली पाचही माणसं आतून अगदी एकसारखी निघाली."

"निगनारच," ती वर न बघता म्हणाली. "पाची डब्यांत मीच हाय."

मला वाटलं, घर माझ्यावर चालतं असं काहीतरी तिला म्हणायचंय. मी हसले. "म्हणजे?"

"म्हंजे काय गो? माजंच होतं ते. पाच वाटे केले."

मी उकिडवी बसले होते, ती ओल्या जमिनीवरच टेकले.

"तू चार येला आयलीस, चारी येला रिकाम्या हातान गेलीस," ती समजावू लागली. "माज्या दारातून कोन असा जात नाय. पोरगा बोटीवर, सुनेला लाज. म्हटलं, येकाच टोपातलं जेवतो, येकाच नलाचं पानी पितो, मंग पोटात काय येगलं असनार हाय?"

ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी नोकरी सोडली होती, ते उत्तर तिने आधीच गृहीत धरलं होतं आणि त्यावरून माझे नमुने तयार केले होते. मग त्या नमुन्यांतून मी तेच उत्तर मोठ्या कौतुकाने शोधून काढलं होतं. आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं. मी विचारलं, "आणि गल्लीतली बाकीची घरं?"

"काय घरांनी दिलं आपापलं. काय घरांना मीच दाखवलं, असं करा म्हनून."

मला राग आला, आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मी म्हटलं, "मावशी, समजा पाच गिऱ्हाइकांनी पाच बोटींचं म्हावरं मागितलं. तुम्ही एकाच बोटीचं पाचांना दिलंत, आणि वर सांगितलंत की पाच बोटींचं आहे. चालेल?"

तिचा हात राशीवरच थांबला. समोर एक बाई भाव विचारत होती, तिच्याकडे मावशीचं लक्ष नव्हतं.

"मंग मी तुला फसवलं," ती म्हणाली. "तीस वर्सां हितं बसतंय. शिलं म्हावरं ताजं म्हनून कोनाला दिलं नाय. तुला दिलं."

माझा राग तिथेच ओसरला. मी काही समजुतीचं बोलणार, तोवर ती उठली. राशीवर ओलं गोणपाट टाकलं, शेजारणीला "बघ जरा" म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली. शुक्रवारची ऐन विक्रीची वेळ होती. "चल," ती म्हणाली, "कोनाकोनाचं खोटं हाय ते दाखवतंय." आणि तिने मला खरंच घरोघर फिरवलं. प्रत्येक दारात उभी राहून ती स्वतः सांगायची की मी चुकले, तुमाला बी चुकवलं, आता हिला खरं काय ते सांगा. कुणी हसलं, कुणी जीभ चावली, पण खोटं कुणी बोललं नाही. अकरातल्या सहा घरांचे नमुने असेच वाटे केलेले निघाले.

परत येताना रिक्षात मी हिशोब मांडत होते. चूक तिची होती, पण अर्धी माझी. मी डब्या देऊन निघून गेले होते. तिच्या ओट्यावर बसून रडले होते. आलेल्या माणसाला विन्मुख न पाठवणाऱ्या बाईसमोर रडून झाल्यावर ती काय करणार होती? पंधरा वर्षं पॅथॉलॉजीत बसून माझी एक खोड पक्की झाली होती. डबीवर नाव आहे ना, मग आतला ऐवज त्याचाच. नमुना घेऊन येणाऱ्या माणसाकडे मी कधी मान वर करून बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. "वाट लागली ना यार," म्हणाला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पण कोणाला कळणार आहे?"

मी त्याच्यावर खेकसले. खरं म्हणजे हाच विचार वेसाव्यापासून माझ्याबरोबर रिक्षात बसून आला होता. गल्ली सोडून कुणालाही कळणार नव्हतं, आणि गल्लीतलं कुणी परिषदेला जाणार नव्हतं. शिष्यवृत्तीचे सहा महिने उरले होते. शनिवार-रविवार मी तो गोषवारा उघडून बसले. कुठे एखादा शब्द सौम्य करता येईल का, "दिसते" ऐवजी "दिसण्याची शक्यता आहे" लिहून भागेल का, असले चाळे करून बघितले. मी साध्वी नाही.

अडलं ते सुनेच्या ठिपक्यापाशी. ज्या खुणा मी तिच्यात दाखवल्या होत्या त्या मावशीच्या होत्या. कदाचित रोगाच्याही नव्हत्या, मावशीच्या रोजच्या गोळीच्या होत्या. उद्या हे छापून आलं की कुठला तरी डॉक्टर कुठल्या तरी घरातल्या धडधाकट पोरीला सांगणार, बाई, तुझ्या घरात शुगर आहे, म्हणजे तुझ्याही पोटात सुरुवात झाली आहे. ती पोर त्या भीतीने जगणार. आणि तिच्या पोटात काहीच नसणार. रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉप बंद केला. मन हलकं झालं असं म्हणणार नाही, चांगलीच भीती वाटत होती. पण झोप लागली.

सोमवारी मॅडमच्या खोलीत उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकताना एकदाही मध्ये अडवलं नाही. झाल्यावर भिंतीवर टाचलेलं ते चित्र काढलं, टेबलावर पालथं घातलं.

"इतकं जवळ जुळ्या भावंडांचंही येत नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं. पण मला ते आवडलं होतं, म्हणून मी विचारलं नाही."

मी बोलणी खाण्याच्या तयारीने गेले होते. त्यांनी माझ्यासमोरच परिषदेला पत्र लिहून गोषवारा मागे घेतला. मग विचारलं, "पुन्हा गोळा करायला किती दिवस?"

मी म्हटलं, आता पावसाळा येतोय, बोटी बंद, माणसं घरात सापडतील. मॅडम म्हणाल्या, सापडतील, पण खाणं बदललेलं असेल. खरंच होतं. बंदीच्या दिवसांत ताजी मासळी नाही, सुके बोंबील आणि जवळा. पहिल्या वेळी खाल्लेलं आणि या वेळचं जुळायला हवं, तर नारळी पौर्णिमा होऊन, बोटी जाऊन महिना-दोन महिने उलटायला हवेत. एक वर्ष वाढणार, हे दोघींनाही कळलं. ते वर्ष मी सकाळी पॅथॉलॉजीत जुनी खुर्ची धरली आणि दुपारी अंधेरी गाठली. जुन्या मालकांनी "आलीस परत?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या फेरीत डब्या देऊन निघून जायचं मी सोडलं. पॅथॉलॉजीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला गल्लीत जाऊन ओट्यावर बसायचे. चहा व्हायचा, कुणाच्या घरात काय शिजलं ते कळायचं, कुणाला खोकला झाला, कोणत्या गोळ्या आणल्या तेही. वहीत लिहून घेतलं असतं तर अर्धं कळलं नसतं. मावशीने तर सगळा कारभारच हातात घेतला. डबीवर नाव असतं पण बर्फाने पुसतं, म्हणून तिने प्रत्येक माणसाच्या डबीला जाळ्याच्या दोऱ्याचा वेगळा रंग बांधला आणि तो रंग गल्लीला पाठ करून घेतला. मुलगा डबी बोटीवर घेऊन गेला. खलाशांनी त्याला परत येईपर्यंत छळलं, पण डबी आली, वेगळ्या बर्फात, हिरव्या दोऱ्याची.

सून मात्र शेवटपर्यंत तयार होईना. मी तिला जबरदस्ती केली नाही, फक्त ते जुनं चित्र दाखवलं आणि तिचा म्हणून लावलेला ठिपका कुठे पडला होता ते सांगितलं.

"म्हणजे या कागदावर मी आजारी होते?" तिने विचारलं.

"व्हायच्या वाटेवर होतीस."

"मग माझं माझं घ्या," ती म्हणाली आणि डबी उचलून आत गेली.

नवीन चित्र आलं. मावशीच्या घराचे पाच ठिपके पाच दिशांना. मावशी एकटी दूर कोपऱ्यात आपली शुगरची गोळी घेऊन बसलेली, आणि सून खुशाल निरोगी माणसांच्या घोळक्यात. एका चुलीने एक पोट होतं असं काही दिसलं नाही. प्रबंधातल्या सगळ्यात मोठ्या प्रकरणाचा निष्कर्ष तीन ओळींत मावला: असा संबंध या नमुन्यांत आढळला नाही. मावशीला सांगायला गेले तेव्हा तिने पहिला प्रश्न सुनेचाच विचारला. काही नाही म्हटल्यावर तिने देव्हाऱ्याकडे हात जोडले आणि मला सुरमई देऊनच सोडलं. ती घेऊन रिक्षात बसले त्या दिवशी मी रिक्षावाल्याला पहिल्यांदा खरं सांगितलं, हो, मच्छी आहे. मला फार बरं वाटत होतं. हातात काहीच लागलं नव्हतं, आणि तरी इतकं समाधान मला त्या पहिल्या सुंदर चित्रानेही दिलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "आता इमारतींनाही पुन्हा विचार." मी विचारलं. डबी तुमचीच होती ना? मी दिलेल्या खाण्याच्या वहीत लिहिलं तेच खाल्लं होतं ना? त्या दिवसांत कुठलं औषध घेतलं नव्हतं ना? सगळ्यांनी नव्याने सह्या करून दिल्या की सगळं खरं आहे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका तर दुखावलेच. "आम्ही काय कोळीवाड्यातले आहोत?" म्हणाले. मला इतका संताप आला की त्यांच्याकडचा चहा मी तसाच ठेवून आले. घरी सासूने सही केली, मी केली, नवऱ्यानेही केली.

प्रबंध द्यायला आठवडा राहिला होता. रिमोटचे सेल शोधायला मी हॉलमधला खण उपसला, तर मागे रबर लावलेली एक गोळ्यांची पट्टी सापडली, केमिस्टच्या बिलात गुंडाळलेली. अँटिबायोटिक, दोनच गोळ्या उरलेल्या. बिलावर नवऱ्याचं नाव आणि तारीख. तारीख नमुन्याच्या आधीच्याच आठवड्यातली. ज्या एका गोष्टीने पोटातली वस्ती पार उजाड होते, नेमकी तीच. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी भांडले नाही असं म्हणणार नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "घसा बसला होता. सांगितलं असतं तर तुझं अकरावं घर गेलं असतं. किती वणवण करत होतीस तेव्हा." त्याचा नमुना काढून टाकला, आकडे पुन्हा मांडले, चार रात्री जागून प्रबंध दिला.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मागच्या रांगेत नवरा होता आणि त्याच्या शेजारी मावशी, हिरव्या लुगड्यात, केसांत अबोलीचा गजरा घालून. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, मराठी. मावशीकडे बघून त्यांनी स्वतःच मराठीत बोलायला सुरुवात केली. बराच वेळ आकडे आणि पद्धती यांवर विचारलं. मग पान उलटून म्हणाले, "कोळीवाड्यातल्या लोकांनी एकदा तुम्हाला खोटे नमुने दिले, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्यांच्यावर दुसऱ्यांदा विश्वास कसा ठेवायचा?"

"सर, त्यांनी खोटं दिलं आणि आपणहून सांगितलं," मी म्हटलं. "भर बाजारातून उठून घरोघर दाखवलं. इमारतींतल्या अकरा घरांनी दोनदा सह्या करून दिल्या की आमचं सगळं खरं. त्यातलं एक घर खोटं निघालं, आणि तेही खणात पुरावा सापडला म्हणून. बाकीच्या दहांचं मी खात्रीने सांगू शकत नाही. मला काळजी त्यांची वाटते."

मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "ते एक घर कोणतं?"

प्रबंधात घरांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. क्रमांक सांगून भागलं असतं, आणि त्यांचं समाधानही झालं असतं.

"माझं, सर," मी म्हटलं.

मागच्या रांगेत नवऱ्याने मान खाली घातली. मावशी वळून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.